न मोजलेली लेकरं

शहाण्णव सालच्या चैत्रात, सकाळची शाळा सुटायच्या बेतात असताना धर्मेंद्र माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या मराठी शाळेत तो माझ्याच हाताखाली शिकलेला. आता सत्तावीस वर्षांचा, कापडाच्या लूमवर बारा-बारा तासांची पाळी करणारा बाप्या. पण उभा राहिला तो तसाच, एक पाय दाराबाहेर ठेवून.

"गुरुजी, एक कागद वाचायचा होता."

"वाचायला तुला शिकवलंय मी."

"वाचता येतो. कळत नाही."

त्याच्या बायकोच्या, जयश्रीच्या डॉक्टरबाईंनी दिलेला तो कागद होता. निळ्या शाईनं चौकोन आणि गोल काढलेले; चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. तळाशी एका चौकोनात धर्मेंद्र, शेजारच्या गोलात जयश्री, आणि त्यांच्याखाली एक छोटा चौकोन, एक छोटा गोल. हे दोन्ही शाईनं काळे भरलेले. काळ्याचा अर्थ मला विचारावा लागला नाही. जयश्रीची दोन्ही बाळंतपणं आठव्या महिन्यात झाली होती आणि दोन्ही वेळा बाळ रडलंच नव्हतं. आता तिला पुन्हा चौथा महिना होता.

"बाई म्हणतात, तीन पिढ्यांचं भरून आणा," धर्मेंद्र सांगू लागला. "तिच्याकडचं आणि माझ्याकडचं. जगलेली, गेलेली, आणि मेलेलीच जन्मली तीसुद्धा. बाकी सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यात. आता हेच राहिलंय म्हणे."

जयश्रीच्या माहेरची बाजू भरलेली होती. पाच भावंडं, पाचही धडधाकट. तिची आई आणि मावशाही तशाच. धर्मेंद्रच्या बाजूला मात्र वर नुसता कोरा कागद.

"आईला विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणते, आमच्या घरात असं कधी झालंच नाही. तेच दुसऱ्यांदा विचारलं तर भांडी आपटायला लागली." तो जरा थांबला. "गुरुजी, आखाजीला जयश्रीचा भाऊ योगराज न्यायला येतोय. आईनं त्याला निरोप धाडलाय की या खेपेला बाळंतपण माहेरीच होऊ द्या, आणि पुढचं पुढं बघू. पुढचं म्हणजे काय ते तुम्हाला कळतं."

मला कळत होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात आणि आठ-पंधरा दिवसांनी हसत परत येतात. 'पुढचं पुढं बघू' असं सांगून धाडलेली सून परत येत नाही. मग वर्षभरात दुसरी सोयरीक निघते. धर्मेंद्र बायकोवर जीव टाकणारा पोरगा, पण आईपुढं त्याचं तोंड उघडत नसे.

"अठरा दिवस आहेत," मी म्हटलं. "तुमच्या घराण्याचा भाट असेल ना कुणी? त्याची वही बघू."

भाट म्हणजे घराण्याच्या वंशावळीची वही ठेवणारा. आमची माणसं सुरतेला आली तसे त्यांचे भाटही दोन-चार वर्षांनी सुरतेची फेरी करू लागले. धर्मेंद्रच्या घराण्याचा भाट बन्सीलाल तेव्हा कतारगामला एका यजमानाकडे उतरला होता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही रिक्षानं तिथं गेलो. हिरे घासायची चाकं, म्हणजे घंट्या, फिरत होत्या त्या कारखान्याच्या वरच्या खोलीत म्हातारा खाटेवर बसून चहा बशीतून पीत होता.

त्यानं हात धुतले, लाल फडकं सोडलं, वहीला कपाळ लावलं. मग वाचायला लागला. वाचायला म्हणजे गायलाच. अमुक गावचे अमुक, त्यांचे पुत्र अमुक, त्यांनी विहीर बांधली, त्यांचे पुत्र अमुक, त्यांनी देवीला दीपमाळ दिली. प्रत्येक नावापाशी आवाज एक पायरी चढे आणि 'पुत्र' म्हणताना खाली येई. मला कीर्तनाचं वेड. चांगली चाल कानावर पडली की माझं भान जातं. माझा हात आपोआप मांडीवर ताल धरू लागला आणि आपण कशासाठी आलोय ते घटकाभर विसरून गेलो.

"... त्यांचे पुत्र उखा. उखाचे पुत्र लोटू. लोटूचे पुत्र धर्मेंद्र, मुक्काम सुरत," बन्सीलाल थांबला. "पुढं सांगा. काय लिहू?"

धर्मेंद्र जमिनीकडे बघत राहिला. मी विचारलं, "एकेकच पुत्र? उखाला एक, लोटूला एक?"

"वहीत एकेकच."

"वहीत नसलेले?"

बन्सीलालनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, माझ्या पणज्यानं घालून दिलेला नेम आहे. बारसं झालं, नाव पडलं, की ओळ. त्याच्याआधी जे आलं आणि गेलं ते पाहुणं. पाहुण्याला वहीत कुठं बसवू?"

"मी तर ओळीतला ना?" धर्मेंद्रनं उगाच हसत विचारलं.

"तू ओळीतला. तुझ्याखाली जागा ठेवलीय बघ, चार बोटं."

त्या चार बोटं कोऱ्या जागेकडे आम्ही तिघंही पाहत राहिलो. मग माझी नजर वर सरकली आणि त्या दोन नावांवर अडकली. उखा. लोटू.

माझ्या शाळेच्या रजिस्टरात असली नावं मी वीस-बावीस वर्षं लिहिली. उखा, लोटू, भिका, दगडू. वळणदार अक्षरात लिहिली आणि पुढच्या रकान्याकडे गेलो. आमच्याकडे पाठोपाठ लेकरं गेली की पुढच्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवतात, सुपातून लोटून देतात, आणि शेजारणीच्या हातून परत घेतात. मृत्यूला वाटावं, हे पोर या घराला नकोच आहे. नावही तसंच ठेवायचं. उकिरड्यावरचा तो उखा, लोटून दिलेला तो लोटू. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण असं एक नाव लिहिताना त्याच्याआधी कितीजण येऊन गेले असतील, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. वहीत त्यांची ओळ नव्हती, खूण मात्र होती. जगलेल्याच्या नावातच ती बसवलेली होती.

परतताना रिक्षात मी धर्मेंद्रचं तोंड निरखत होतो. त्याचं नाव तर सिनेमातलं, झोकात ठेवलेलं. पण त्याच्या उजव्या नाकपुडीवर एक बारीक खळगा होता, तांदळाच्या कणीएवढा.

"नाकाला काय झालं होतं रे?"

"लहानपणी फोड आला होता. आई सांगते."

लेकरं वाचत नसली की मुलाचं नाक टोचून त्यात सोन्याची तार घालतात, मुलगी म्हणून वाढवतात. तार काढली की भोक बुजतं, खळगा राहतो.

इथं माझ्या हातून चूक झाली. खरं सांगतो, मला माझ्याच हुशारीचा आनंद झाला होता. दोन नावं आणि एक खळगा यांवरून मी तीन पिढ्या ओळखल्या, एवढंच डोक्यात. त्या आनंदात दुसऱ्या दिवशी मी सरळ मालतीबाईंच्या घरी गेलो.

मालतीबाई म्हणजे धर्मेंद्रची आई. लोटू जाऊन सहा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या मागं तिनं साड्यांचे धागे कापून घर ओढलं. आमच्या विठ्ठलमंदिरात एकादशीच्या कीर्तनाला बायकांच्या बाजूला पहिली येणारी आणि आरती झाल्याखेरीज न उठणारी बाई. त्या दिवशीही ती उंबऱ्याशी बसून गुलाबी साडीच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कात्रीनं कापत होती. खालच्या कारखान्यातल्या लूमनं घराची फरशी थरथरत होती. आतल्या खोलीत जयश्री काहीतरी निवडत होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या.

"या गुरुजी. बठा. चहा टाकू?"

"चहा नको. मालतीबाई, धर्मेंद्रच्या आधी तुमची किती लेकरं गेली?"

असं विचारतात का? आज लिहितानाही कानकोंडं व्हायला होतं. तिची कात्री थांबली. आतल्या बांगड्याही थांबल्या.

"कोनी सांगं तुम्हले?"

"कुणी नाही. त्याचं नाक टोचलेलं आहे. त्याच्या बापाचं नाव लोटू. आज्याचं नाव उखा. मी आपला हिशेब जुळवला."

"आमना घरमा असं कधी व्हयनं नही." तिनं कात्री पुन्हा चालवली. मग माझ्यासाठी म्हणून ती मराठीवर आली, आणि तो आवाज अहिराणीपेक्षा कडक होता. "गुरुजी, तुम्ही शाळेतली हजेरी घ्या. माझ्या घरातली घेऊ नका."

"डॉक्टरबाईंना कळायला हवं. दोष एकट्या पोरीवर..."

"दोष?" तिनं मान वर केली. "म्हणजे माझ्या लेकात आहे, असं सांगायला आलात? माझ्या मालकात होता? ते तर आता उत्तर द्यायलाही नाहीत." आणि हळू आवाजात, आत ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "जे गेलं ते मोजत नसतात. मोजलं की वाट दिसते त्यांना, परत येतात. तिला चौथा महिना आहे. तिच्या कानावर तुम्ही हे घातलंत. आता जा."

मी उठलो. जिन्यात धर्मेंद्र उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचं बोट नाकपुडीवर होतं.

चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी सुकलाल बुवांना गाठलं. बुवा दिवसा लूमचे जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे मुकादम, आणि एकादशीला आमचे कीर्तनकार. लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान अर्धे गेलेले, म्हणून बोलतानाही ते कीर्तनात असल्यासारखे मोठ्यानं बोलत. चहाच्या हातगाडीपाशी मी त्यांना कुजबुजत सांगायला गेलो तर म्हणाले, "जोरात बोला, पाप करताय का?"

मग बाजूला नेऊन सांगितलं. कुणाचं घर ते सांगायला लागलो तशी त्यांनी माझा हात धरला.

"नाव नको. नाव कळलं की कीर्तनात माझी नजर तिकडं जाईल."

"बुवा, एकादशीला यावर दोन शब्द बोललात तर ती बाई ऐकेल. तुमचं ऐकते ती."

"नाही बोलणार. देवापुढं उभं राहून कुणाच्या घरावर दगड टाकायचा नसतो. आणि गुरुजी, तुम्हाला एवढी वर्षं टाळ धरायला दिला, तुम्ही माणसाच्या दुखऱ्या जागेवर मास्तरांची पट्टी घेऊन गेलात? जाऊन माफी मागा."

मी हो म्हटलं आणि गेलो नाही. शरम वाटत होती. उद्या जाऊ, उद्या जाऊ, करताना चैत्र वद्य एकादशी उजाडली.

आमच्या मंदिरात कीर्तन संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे रात्रपाळीवाल्यांना पाळी गाठता येते. पत्र्याचा मांडव, मागे टाळकऱ्यांची रांग. मी दुसऱ्या रांगेत टाळ घेऊन उभा. मालतीबाई तिच्या जागेवर, खांबाला टेकून. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. सूनही आज तिच्यासोबत होती, जरा मागं.

त्या दिवशी बुवांचा आवाज लागला होता. मृदंग पोलादासारखा वाजत होता, चाल चढली की टाळांचा पाऊस पडत होता. देवा, तुझं नाव असं उंच गेलं की माझ्या मनातला सगळा मळ निघून जातो. बुवांनी देवकीची कथा लावली. दिवस काही गोकुळाष्टमीचे नव्हते. माझ्या बोलण्यामुळं लावली की आधीच ठरवली होती, ते मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

"कृष्ण मोठा झाला," बुवा सांगत होते, "द्वारकेचा धनी झाला. त्यानं आपल्या गुरूचं गेलेलं पोर परत आणून दिलं. ही बातमी देवकीच्या कानावर गेली. म्हातारी झाली होती आता. ती लेकाजवळ गेली. काय मागितलं असेल हो तिनं? सोनं मागितलं? राज्य मागितलं? नाही माउली. ती म्हणाली, कृष्णा, माझे सहा मला एकदा दाखव."

मृदंगवाल्यानं नुसता तळहात मृदंगावर दाबून धरला.

"सगळी दुनिया कृष्णाला काय म्हणते? देवकीचा आठवा मुलगा. अरे, पहिले सहा तर कंसानं जन्मताच मारले. सातवा दुसऱ्या घरी वाढला. हिच्या मांडीवर एकही राहिला नव्हता. मग हा पहिलाच म्हणायचा की! पण नाही. देवसुद्धा स्वतःला आठवाच म्हणवतो. मधले कुणी पुसले नाहीत. त्यांना मोजलं कुणी? बाप तर बेड्यांत, गाव तर भ्यालेलं. आईनं मोजलं. बोटांवर मोजलं. आणि देव काय म्हणाला? आई, गेलेल्यांना मोजू नये, असं म्हणाला? तो उठला, पाताळात गेला आणि सहाच्या सहा आणून तिच्या मांडीवर दिले. इतक्या वर्षांनी म्हातारीला पान्हा फुटला म्हणतात."

बुवांनी डोळे मिटले आणि गजर उचलला. टाळ वाजू लागले. माझे हात वाजवत होते, डोळे मात्र खांबाकडे. मालतीबाई उठली. आरती राहिलेली, प्रसाद राहिलेला, आणि मालतीबाई पदर तोंडावर घेऊन बायकांच्या गुडघ्यांतून वाट काढत निघून गेली. सून गोंधळून तिच्या मागोमाग.

तिला वाटलं असणार की गुरुजींनी बुवांना तिच्या घरचं सांगितलं आणि बुवांनी चारचौघांत काढलं. आणि ते पुरतं खोटंही नव्हतं. आता ती जयश्रीला नक्की धाडणार, असं म्हणत मी घरी आलो. अलकानं, माझ्या बायकोनं, उपासाचं ताट वाढलं. मी तसंच झाकून ठेवलं.

आखाजीच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास धर्मेंद्र दारात.

"आईनं बोलावलंय. कागद घेऊन या म्हणाली. तो तुमच्याकडेच राहिलाय."

"कशाला?"

"मला काय सांगते ती? सात दिवस कुणाशी बोलली नाही. योगराजही आलाय, बॅग भरून बसलाय."

मी कागद घेतला. जाता जाता माफीचे शब्द जुळवत होतो.

आखाजी हा आमच्याकडे पितरांचाही दिवस. मातीची घागर पाण्यानं भरून पूजतात, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवतात, आणि विस्तवावर एकेका पितराचं नाव घेऊन घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. मालतीबाईनं खोलीच्या मध्ये जुन्या घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या होत्या. भिंतीशी घागर होती. आणि घागरीच्या पुढं एका ओळीत मातीच्या बोळक्या मांडल्या होत्या, लेकरं खेळतात तसल्या लहान लहान. मी मोजल्या. नऊ.

जयश्रीचा भाऊ योगराज, लहानखुरा गडी, बॅग मांडीवर घेऊन खुर्चीत अवघडून बसला होता. जयश्री स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी, नेसून तयार.

"मालतीबाई, त्या दिवशी मी..."

"बठा गुरुजी. पेन आणलं?"

"आणलंय."

"मग लिखा."

तिनं पहिला घास विस्तवावर टाकला. "लोटू." तुपाचा धूर वर गेला. दुसरा घास. "उखा." तिसरा सासूच्या नावानं. इथवर दरवर्षीचं होतं. मग तिनं सांजोरीचा एक बारका तुकडा मोडला आणि हात तसाच अधांतरी राहिला. नावच नव्हतं. आगारीला नाव घ्यावं लागतं आणि तिच्याजवळ नाव नव्हतं. लूम बंद असल्यानं गल्ली शांत होती. धर्मेंद्र भिंतीला टेकून उभा होता.

"गव्हाच्या सोंगणीतला," ती शेवटी म्हणाली. तुकडा विस्तवावर पडला. "पोऱ्या व्हता. माझ्या माहेरी, आठवा महिना लागला होता. आई म्हणाली, तोंड बघू नको, बघितलं की जीव अडकतो. बांधाला पुरला. लिहिलं?"

मी लोटूच्या खाली एक चौकोन काढला आणि काळा भरला. "लिहिलं."

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. पोर व्हती. ही सासरी झाली. साडेसात महिने." दुसरा तुकडा. मी गोल काढला. "मग हा." तिनं धर्मेंद्रकडे मान केली. "याला शेजारच्या छायाकाकूनं उकिरड्यावरून उचलून मला विकत दिला, सूपभर दाण्यांना. नाक टोचलं. नाव मात्र मी लोटू-उखासारखं ठेवू दिलं नाही. सासू चिडली होती." ती क्षणभर हसल्यासारखी झाली. "आणि सुरतमधला. याच घरात, पावसाळा होता. हा तुमच्या शाळेत पहिलीला जात होता."

"मला तेव्हा शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं," धर्मेंद्र एकदम म्हणाला. "तू आजारी आहेस म्हणून सांगितलं होतं."

"काय सांगणार होते तुला?"

तीन बोळक्यांत तिनं पाणी घातलं. मग पुढच्या चार. "या सासूच्या. चार. लोटूच्या आधीच्या. मुलगे की मुली ते माले ठाऊक नही." ती मराठीवर आली. माझ्याशी नव्हे, सुनेशी बोलत होती, पण नजर विस्तवावर. "माझा पहिला गेला तेव्हा सासू काय म्हणाली माहीत आहे? आमच्या घरात असं कधी झालं नाही. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तेव्हा मी विहिरीवर जाऊन बसले होते. यांनी हाताला धरून आणलं. आणि मरायच्या आधी आठ दिवस सासूनं मला जवळ बोलावलं, चार बोटं दाखवली. एवढंच. बोटं दाखवली आणि तोंड फिरवलं. मी तिला मनात शिव्या दिल्या होत्या. आणि मग सून आली तेव्हा माझ्या तोंडून तिचंच वाक्य निघालं, जसंच्या तसं."

मी चार आकृत्या काढल्या. मुलगा की मुलगी ठाऊक नाही, म्हणून नुसते काळे ठिपके दिले. कागदाची वरची बाजू भरून गेली.

"आई," धर्मेंद्र भिंतीपासून पुढं आला. "म्हणजे हे माझ्याकडून आलंय? जयश्रीकडून नाही?"

"माले काय समजस? डॉक्टरीन सांगेल. तुझ्याकडून असेल, तुझ्या बापाकडून, आज्याकडून. तुझा बाप देवमाणूस होता. कुणाकडून काय येतं त्याला त्याचं काय पाप?" तिनं उरलेल्या दोन बोळक्यांकडे पाहिलं. "जया, आठे ये. बठ."

जयश्री येऊन घमेल्याशी बसली. सासूनं सांजोरीचा तुकडा तिच्या हातात दिला.

"या तुझ्या. मी कसं बोलवू यांना? माले ठाऊक नही. तूच सांग."

जयश्रीनं तुकड्याचे दोन भाग केले. योगराजनं बॅग खाली ठेवली. मग ती म्हणाली, "दिवाळीच्या आधीचा." तुकडा टाकला. "आणि... होळीची." दुसरा टाकला. मग सासूकडे वळून, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं, तिनं विचारलं, "तुम्ही त्यांचं तोंड बघितलं होतं? एकाचं तरी?"

"नही. सुरतमधल्याचं बघायचं होतं. बघू दिलं नाही."

"होळीचीला केस होते," जयश्री म्हणाली. "नर्स फडकं गुंडाळत होती तेव्हा दिसले. खूप होते. मी कुणाला सांगितलं नाही."

मालतीबाईनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. दोघी तशाच विस्तवाकडे बघत बसल्या. मला वाटलं, इथं आपलं काम नाही. पण उठायचं तर त्यांच्यातून वाट काढावी लागली असती. म्हणून मी मान खाली घालून देवाचं नाव घेत राहिलो.

योगराज शेवटी खाकरला. "मग ताई, निघायचं का? अडीचची गाडी आहे." आणि मालतीबाईकडे बघून चाचरत, "की मावशी, तुम्ही सांगाल तसं."

"मी काय सांगू? तिले ईचार."

जयश्रीनं डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी त्या घरात तिला कुणीतरी विचारत होतं, आणि तिनं उत्तराला वेळ घेतला. "तू जा," ती भावाला म्हणाली. "आईला सांग, आखाजीचं मी पुढच्या वर्षी बघेन. सोमवारी डॉक्टरबाईंकडे जायचंय. यांचं रक्त तपासायचं असेल तर हे एकटे घाबरतात."

"मी कुठं घाबरतो?" धर्मेंद्र म्हणाला.

"पहिलीत सुई टोचायला नर्स आली तेव्हा बाकाखाली लपला होतास," मी म्हटलं. योगराज हसला, आणि मग जयश्रीही जरा हसली.

"मी भी येसु सोमवारे," मालतीबाई म्हणाली. तिनं हात पुढं केला आणि माझ्याकडून तो कागद मागून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. वरपासून खालपर्यंत एकेका काळ्या खुणेवर तिनं बोट ठेवलं, जयश्रीच्या दोन खुणांवरही ठेवलं. सगळी भरल्याची खात्री झाल्यावर घडी घालून कागद ब्लाऊजमध्ये ठेवला.

"डॉक्टरबाईंना वाचता येईल ना, नीट काढलंय मी?" मी विचारलं.

"वाचू देत. पण तोंडानं मीच सांगसु."